तिरक्या खणाचे चार कोपरे

नेहरू नगर, भिलाई
३ जुलै २०२५

प्रिय भाऊजी,
साष्टांग नमस्कार.

फोन केला असता, पण मागच्या वेळी मी "बेंच" म्हटलं आणि तुम्ही "हो, पेन्शन आली" म्हणालात. तुमचे कान तुमच्यासोबतच रिटायर झाले. ताईच्या बटणवाल्या मोबाइलवर फोटो येत नाही. तुमच्या परागच्या मोबाइलवर पाठवला होता, तर तुम्ही म्हणे फोटोवर पट्टी लावून लांबी मोजली. म्हणून पत्र.

विषय तुमचाच सुतारकामाचा बेंच. सेक्टरमधलं स्टील प्लांटचं क्वार्टर सोडून गावाला जाताना जो तुम्ही माझ्या गळ्यात घातला तो. रस्ता रुंद झाला तेव्हा आमच्या प्लॉटचा कोपरा गेला आणि मागची खोली तिकोनी उरली, हे तुम्हाला माहीत आहे. बेंच तिच्यात मावेना म्हणून तुम्हीच त्याचं उजवं टोक तिरकं कापलं होतं. ते करताना तुमचं तोंड बघवेना म्हणून ताई बाहेर जाऊन उभी राहिली होती. बेंच बसला. पण त्या टोकाचा जुना सरळ खण आता आत जात नाही, आणि तिथे नुसतं भोक आहे.

शाळेची नोकरी सोडल्यापासून मी त्या बेंचवर काम करते. पाट, चौरंग, शेजाऱ्यांच्या स्टुलांचे पाय. हत्यारं ठेवायला खण नाही, म्हणून ती जमिनीवर असतात. मागच्या आठवड्यात सुशीलने पटाशीवर पाय दिला. टाके पडले. दवाखान्यातून आल्या आल्या त्यांनी नवरेपणाने निकाल सुनावला, "विश्वकर्मा पूजेपर्यंत हत्यारं जमिनीवरून उचल. नाई तं दसऱ्याले खोलीची चाबी धर्मेंद्रले देतो."

धर्मेंद्र म्हणजे शेजारचे कोचिंग क्लासवाले सर. त्यांना मुलांच्या शंकांसाठी वेगळी खोली हवी आहे. वर्गात शंका विचारली की बाकीच्यांचं नुकसान होतं म्हणतात.

खोली गेली तर बेंच जातो. आता दाराला जाळी बसली आहे, तो अख्खा बाहेर निघणार नाही. कॅम्प-१ मधल्या भंगारवाल्याला सहज विचारलं. म्हणाला, तोडून द्या, जळाऊ म्हणून नेतो.

तेव्हा खण करायचा आहे. सुशीलच्या टेपने मोजलं ते असं: तोंडाशी चोवीस इंच, मागे बारा, आत अठरा. डावी बाजू सरळ, उजवी तिरकी. मी व्हिडिओ पाहून कबुतरी सांधा शिकले आहे. एका फळीला कबुतराच्या शेपटीसारखे दात, दुसरीत तशाच खाचा, ओढलं तरी सुटत नाही. चारही कोपऱ्यांना तोच घालू ना?

तुमची,
वसुंधरा


आमगाव, जि. गोंदिया
११ जुलै २०२५

वसू,
आशीर्वाद. माझं अक्षर मलेच लागत नाही, म्हणून मी बोलतो अन् तुझी ताई लिहिते.

पहिली गोष्ट, बेंच तुझ्या गळ्यात घातला नाही, ठेवाले दिला आहे. बीजाच्या झाडाचं लाल लाकूड आहे, मी रंधलेलं आहे, माझा आहे. त्याच्यावर चहाचा कप ठेवत नसशील असं धरून चालतो.

दुसरी गोष्ट, कबुतर उडव. सांधा चांगला आहे, नाही म्हणत नाही. पण तो काटकोनातला. तुझा उजवा समोरचा कोपरा टोकदार आहे. तिथं दात कापशील तं लाकडाच्या रेषा मधातच तुटतात. असे दात तोंडात असले तं माणूस पेरू खात नाही, अन् तू त्याच्यानं लोखंडानं भरलेला खण ओढणार!

मी सांगतो तसं कर. बारा इंची सरळ चौकोनी खोका बनव. त्याच्या तोंडावर चोवीस इंची फळी लाव. पाहणाराले अख्खा खण दिसते. कोपऱ्यातली तिकोनी जागा सोडून दे.

सुशीलले सांग, वर्कशॉपात चप्पल घालून जात नसतात, बूट घालून जातात. एवढा प्लांटमधला माणूस, अन् घरी कावून विसरते?

भैयालाल

(ता.क. जागा सोडून दे म्हणणारा हा माणूस कोण आहे, मी ओळखत नाही. क्वार्टरमध्ये माझ्या तांदळाच्या कोठीमागे चार बोटं जागा होती, तिथे यांनी करवती टांगल्या होत्या. – सिंधू)


नेहरू नगर, भिलाई
२० जुलै २०२५

प्रिय भाऊजी,

बाहेरून चोवीस आणि आतून बारा, असे खोके मी शाळेत पुष्कळ पाहिले. त्यांना आम्ही प्रिन्सिपल म्हणायचो. मला तसा खण नको. सोडलेल्या कोपऱ्यात उंदीर राहील, आणि भाडंही देणार नाही.

मात्र कबुतराबद्दल तुमचं खरं निघालं. टाकाऊ फळीवर टोकदार कोपऱ्याचे दात कापून पाहिले. पहिला दात हातातच आला, दुसरा ठोकताना गेला, तिसऱ्याने जरा वेळ धीर धरला. हे कबूल करायला मला किती त्रास होतो आहे ते ताईला समजेल.

परवा धर्मेंद्र सर टेप घेऊन आले. एसी कुठे बसेल ते पाहिलं. बेंचवर हात ठेवून म्हणाले, "मॅडम, ये टेबल तो हट जायेगा ना?" मी म्हटलं, सर, हे टेबल तुमच्या क्लासच्या आधीपासून उभं आहे आणि अजून एकदाही नापास झालेलं नाही. ते हसले. त्यांना वाटलं मी भाड्याची रक्कम वाढवून मागते आहे.

थट्टा पुरे. भाऊजी, मला ही खोली हवी आहे. इतकी वर्षं दुसऱ्याच्या घंटेवर उठले, बसले, डबा खाल्ला. इथे घंटा नाही. इथे मी एक पाट बिघडवला तर तो माझा मी बिघडवलेला असतो. सुशील वाईट माणूस नाहीत, पण त्यांच्या हिशोबात खोली म्हणजे जिच्यात कोणी तरी झोपतं किंवा भाडं देतं. मी दोन्ही करत नाही.

तेव्हा अख्ख्या तिरक्या खणाचा रस्ता सांगा. कबुतर नाही तर दुसरं कोण?

वसुंधरा


आमगाव
२९ जुलै २०२५

वसू,

ठीक आहे. तिरका तं तिरका.

प्लांटच्या पॅटर्न शॉपात आम्ही काय करत होतो ते तुले कधी सांगितलं का? तू कधी विचारलं नाही. अगोदर लाकडाचा नमुना करायचा. त्याच्याभोवती वाळू दाबायची. नमुना वर ओढून घ्यायचा अन् उरलेल्या पोकळीत पोलाद ओतायचं. ओढताना वाळू ढासळू नये म्हणून नमुन्याले उतार देतात, एका अंगाले निमुळता. तुझा खण तोच आहे. मागं निमुळता, तोंडाशी रुंद. जरासा ओढला का उजवी बाजू बेंचले सोडून देते, तिचा काही आधार राहत नाही. चालाले वाट फक्त डाव्या बाजूची. तिथं मधल्या पायाले आतून दोन इंची पट्टी स्क्रूनं लावली आहे. खण तिच्याच भरवशावर सरळ जाईन. तिले धक्का लावू नको.

आता कोपरे. सगळ्याले एकच सांधा, हे व्हिडिओवाल्याचं काम आहे. प्रत्येक कोपऱ्यावर वेगळा जोर येते. डावा समोरचा काटकोन आहे अन् ओढताना सगळा झटका त्याच्यावर येते, तिथं तुझं कबुतर घाल, हौस पण फिटते. उजव्या समोरच्याले दात नाही. समोरची फळी कोपऱ्याच्या पुढं दीड बोट जाऊ दे, तिच्या पाठीत तिरकी खोबण खोद अन् बाजूची फळी वरून त्याच्यात सरकव. म्हणजे तुटाले टोकच राहत नाही. वरून बांबूच्या दोन खुंट्या मार. मागच्या दोन्हीले साधी खाच अन् सरस. मागून कोण पाहते?

खोबणीचा कोन कागदावर काढला आहे. कागद कापून फळीवर ठेव अन् तसाच आख. उंचीले जरा सैल ठेवजो, पावसाळ्यात लाकूड फुगते.

भैयालाल

(ता.क. तो कागद नीट ठेव. तो काढायला पूर्ण दुपार लागली. किती दिवसांनी यांना जेवायला दोनदा हाक मारावी लागली. – सिंधू)


नेहरू नगर, भिलाई
३१ ऑगस्ट २०२५

प्रिय भाऊजी, प्रिय ताई,

खण झाला!

खोबणीने माझा जीव घेतला. तिरकं खोदताना पटाशी आपोआप सरळ व्हायला बघते, अगदी आमच्या नातेवाईकांसारखी, वाकडं काही दिसलं की दुरुस्त करायला धावतात. पण बाजूची फळी वरून सरकवली आणि ती शेवटपर्यंत गेली, तेव्हा मी एकटीच खोलीत "वा" म्हटलं. डाव्या कोपऱ्याचं कबुतर सुद्धा बसलं. एका दाताशी फट आहे, तिच्यात सरस आणि भुसा भरला आहे. तुम्ही येऊन पाहीपर्यंत वाळेल.

मापात चूक नको म्हणून सुशीलच्या टेपवर विश्वास ठेवला नाही, त्याचं टोक लोंबतं. तुमच्याच बेंचच्या मागच्या फटीत एक जाड स्टीलची स्केल सापडली. सगळ्या फळ्या तिने आखल्या, केसभरही इकडेतिकडे नाही.

सुशील रोज दारातून डोकावतात. "एवढ्या दिवसात तं आमच्या रेल मिलमधून जगभराचे रूळ निघते." मी म्हटलं, रूळ सरळ असतात, त्यात काय मोठं.

आता सरस वाळू देते. पॉलिश करते. पूजेच्या आदल्या दिवशी बसवीन.

वसुंधरा


नेहरू नगर, भिलाई
१८ सप्टेंबर २०२५

भाऊजी,

खण आत जात नाही.

परवा संध्याकाळी बेंचला लावला. उजवी बाजू आत शिरते, डावी पट्टीवर अडते. डावी पट्टीला नीट लावली तर उजवी अडते. अर्धा इंच जास्त आहे. अर्धा! रंधा फिरवून भागेल असा नाही, पातळ फळ्यांतून अर्धा इंच काढला तर खण राहणार नाही. मी टेपने भोक पुन्हा मोजलं. चोवीसच आहे. स्केलने खण मोजला. चोवीसच आहे. चोवीसमध्ये चोवीस जात नाही! गणित शिकवून केस पिकले माझे, आणि हे आता कळतं आहे.

काल विश्वकर्मा पूजा. त्या दिवशी हत्यार चालवायचं नसतं हे तुम्हीच आम्हाला शिकवलं, म्हणून काल नुसतं बसून पाहत राहिले. सुशीलने मिलमधून आल्यावर सगळी हत्यारं जमिनीवरून गोळा करून बेंचवर ओळीने मांडली, हळदकुंकू लावलं. करवतीला, रंध्यांना, त्या पटाशीला सुद्धा. मग शेजारी ठेवलेल्या खणालाही टिळा लावला. पाहुणा दारात उभा आहे आणि घरात येत नाही, असा तो खण. आरती झाल्यावर म्हणाले, "वसू, मेहनत दिसून राहिली. पण मी धर्मेंद्रले शब्द देऊन बसलो."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं.

दसऱ्याला धर्मेंद्र सर नारळ घेऊन येतील. तुमच्या कागदात चूक आहे की तुमच्या बेंचमध्ये, एवढं उलट टपाली कळवा. स्पीड पोस्टने पाठवा, त्याचे पैसे मी देते.

वसुंधरा


आमगाव
२२ सप्टेंबर २०२५

वसू,

ती स्केल हातात घे. डाव्या टोकाले बारीक अक्षरं कोरलेली आहेत, चष्मा लावून वाच. वाचली? आता तिच्यावरचा एक फूट सुशीलच्या टेपले लावून पाह्य. पाव इंच मोठा निघते.

ती माझी पॅटर्न शॉपाची स्केल आहे. ओतलेलं पोलाद थंड होताना आकसते, म्हणून नमुना मोठा करा लागते. दर वेळी हिशोब करत बसू नये म्हणून आमाले स्केलच मोठी असते. फुटाले पाव इंच. दोन फुटाले अर्धा. तुझा खण चुकला नाही. तो पोलादाचा ओतला असता तं बरोबर बसला असता.

ती तिथं राहिली ही चूक माझी, अन् न वाचता वापरली ही तुझी. जास्त चूक कोणाची ते सिंधूले विचारू नको, तिनं आपलं ठरवून टाकलं आहे.

आता ऐक. खण मोडू नको. सरस धरला आहे, कबुतर सोडवाले जाशील तं दात जातील, अन् पहिल्या सांध्याचे दात पुन्हा येत नाहीत. खण आहे तसा राहू दे. बेंच काप.

मधल्या पायाची ती दोन इंची पट्टी काढ, जिले धक्का लावू नको म्हटलं होतं. अर्धा इंच उभी चिरून टाक अन् परत लाव. चिरताना कोणाले तरी दुसरं टोक धराले लाव. जळाऊ म्हणून अख्खा जाण्यापरीस बेंच अर्ध्या इंचानं बारीक झालेला बरा.

भैयालाल

(ता.क. "बेंच काप" म्हणायच्या आधी अंगणात चकरा मारून आले. मग म्हणाले, लिही. मी लिहिलं. मग म्हणाले, वाचून दाखव. मी वाचलं. मग म्हणाले, जाऊ दे, पाठव. – सिंधू)


नेहरू नगर, भिलाई
४ ऑक्टोबर २०२५

प्रिय भाऊजी,

पट्टी काढली. पायाला लावल्या जागी लाकूड अजून लाल आहे, बाहेरून काळं पडलं तरी. करवत लावायचं धैर्य होईना. तेवढ्यात सुशील दारात आले. त्यांना पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, "भाऊजीनं बेंच काप म्हटलं?" मी म्हटलं, हो. "सिंधुताईच्या हातचं आहे ना, पक्कं?" मी अक्षर दाखवलं.

मग त्यांनी चप्पल काढून सेफ्टी शूज घातले, पट्टी स्टुलावर आडवी ठेवली आणि तिच्यावर बसले. म्हणाले, "चिर. वजन शेवटी कामी आलं."

चिरली. लावली. खण लोण्यासारखा आत जातो.

त्याच रात्री सगळी हत्यारं आत गेली. टोकदार कोपऱ्यात जागा उरली होती, तुम्ही सोडून दे म्हणत होतात ती. सकाळी पाहते तर तिथे सुशीलचे मासे पकडायचे गळ, दोऱ्याची रिळं आणि एक जुनी बॅटरी.

दसऱ्याला धर्मेंद्र सर नारळ आणि झेंडूचा हार घेऊन आले. सुशील दारात उभे राहिले. "सर, जगह भर गई." सरांनी आत मान घालून पाहिलं. म्हणाले, "एक ड्रॉवर से?" त्यावर सुशील म्हणाले, "मेरा भी सामान है उसमें." सर नारळ परत घेऊन गेले. हार ठेवून गेले, तो मी खणालाच घातला.

तुमच्या बेंचची चिरलेली पट्टी सोबत पार्सलमधून पाठवते आहे. टाकवली नाही.

तुमची,
वसुंधरा


आमगाव
१३ ऑक्टोबर २०२५

वसू,

पट्टी पोचली. खिडकीशी धरून पाहिली. समोरच्या टोकाले अर्धा इंच आहे, मागच्या टोकाले पाऊण. करवत तुझ्या हातात तिरपी पळाली. म्हणजे बेंचवर उरलेली पट्टी मागच्या अंगाले पाव इंच जास्त खाल्ली गेली. म्हणजे तुझा खण अर्ध्यात गेला का मागून डावीकडं घसरते, तोंड वाकडं होते, अन् बंद कराले तुले गुडघा लावावा लागते. अन् मले लिहिलं लोण्यासारखा!

बरं केलं लिहिलं. सुशीलनं वाचलं असन, त्याच्यासाठी खण बसलाच पाहिजे.

तीच पट्टी परत पाठवतो आहे. रंधून पाचर केली आहे, एका टोकाले काहीच नाही, दुसऱ्या टोकाले बरोबर पाव. बारीक टोक समोर अन् जाड टोक मागं, अशी तुझ्या बेंचच्या पट्टीले सरस लावून चिकटव. एक रात्र दाबून ठेव. मग गुडघा लागणार नाही.

भैयालाल

(ता.क. गावाला आल्यापासून यांनी रंधा पेटीतून काढला नव्हता. मी विचारलं की म्हणायचे, बेंच कुठे आहे? परवा पार्सल आलं आणि ओसरीवर पाट उलटा टाकून त्यावरच रंधायला बसले. पाव इंचाची पाचर, पण दोन दिवस पुरवली. सगळ्या ओसरीभर लाल कुरळ्या ढलप्या पडल्या आहेत. मी त्यांच्या कडेकडेने झाडते आहे. – सिंधू)